गुलशेर विरुद्ध अँथनी

किसन,

तू दुष्ट माणूस होतास, हे परवा तू गेल्यानंतरच्या जलदानाला कुणीच बोललं नाही. एकजण उठून म्हणाला, किसनरावांनी देशाची सेवा केली. दुसरा म्हणाला, कारखान्याच्या गेटवर त्यांची शिस्त होती. तिसऱ्याला काही सुचेना, तर तो म्हणाला की तू कुणाच्या अध्यात नव्हतास आणि मध्यात नव्हतास. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मला बोलायचा आग्रह झाला. "भिवाराव, तुमी जुने जोडीदार, दोन शब्द बोला." मी हात जोडले आणि बसून राहिलो. जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, आणि ते ऐकायला पाहिजे होतं तुला.

आपली ओळख पलटणीतली. तू वाशीकडचा, मी कळंबजवळचा. पण एका जिल्ह्याची दोन माणसं हजार मैलांवर भेटली की एका गावची होतात, तसं आपलं झालं. दोघंही बॉक्सिंगच्या चमूत, दोघंही मिडलवेट. हलके नाही, जड नाही, मधले. बॉक्सिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी आपल्याला कधी एकमेकांसमोर खरं लढू दिलं नाही. सरावाला उभे करायचे, पण जरा कुणाचा हात जोरात पडला की शिट्टी वाजवायचे. म्हणायचे, एका ताटात जेवणाऱ्यांची जोड मी लावणार नाही. त्यामुळं आपल्यातला कोण भारी हे कधी ठरलंच नाही, आणि ते ठरवायची गरजही आपल्याला कधी वाटली नाही. आपल्याला दुसऱ्यांच्या लढती बोलण्यात लावायला आवडायचं.

त्या लढतींमध्ये सगळ्यात मोठी होती गुलशेर आणि अँथनीची. हवालदार गुलशेर फाळणीच्या आधीचा. आपण भरती व्हायच्या कितीतरी आधी तो तिकडं निघून गेला होता. तू त्याला पाहिलं नव्हतंस, मीही नाही. उस्तादांनी पाहिलं होतं, आणि ते सांगायचे ते सगळं तू पाठ करून ठेवलं होतंस. गुलशेर समोरच्याच्या जवळ घुसायचा, बरगड्यांवर मारायचा, आणि समोरच्याचं काय दुखतंय हे एकदा कळलं की तिथंच मारत राहायचा. एखाद्याची भुवई फुटली की दुसरीकडं बघायचाच नाही. अँथनी मद्रासकडचा. त्याला आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लांब हात, त्यातला डावा तर सुताराच्या हातोडीसारखा, एका लयीत येऊन पडणारा. त्याच्या अंगाला हात लावायला मिळाला तरी समोरचा खूश व्हायचा. मी अँथनीचा माणूस होतो. तू गुलशेरचा.

पलटण सुटली, आपण गावी आलो, आणि कळंबच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात दर रविवारी बाजाराच्या दिवशी ही लढत सुरू झाली. तू चहा बशीत ओतायचास आणि म्हणायचास, "सांग आता. तिसऱ्या राऊंडला गुलशेर आत घुसला. काय करील तुझा अँथनी?"

"घुसू देणारच न्हाय. डावा हात हाय की."

"डावा हात किती येळ चालंल? हात हाय का रहाट?"

"गुलशेरची भुवई फुटंपर्यंत चालंल."

"गुलशेरची भुवई फुटली तर त्याला आणखी दिसतंय. तुला म्हाईत न्हाय."

हॉटेलवाला आपल्याला वेडे समजायचा. बाकीची माणसं आधी कान देऊन ऐकायची, मग त्यांना कळायचं की एक माणूस पाकिस्तानात गेलाय, दुसरा मद्रासला, दोघं कधी भेटले नाहीत आणि आता दोघांची वयं होऊन गेली. मग ती उठून जायची. आपण मात्र उठायचो नाही. साऱ्या जिल्ह्यात ही दोन नावं माहीत असलेली आपण दोनच माणसं होतो.

बहात्तरच्या दुष्काळात आपण पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो. तू, मी, तुझी सोजर, माझी कौसल्या. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खाऊन पोट फुगायचं आणि भूक तशीच राहायची. तिथंही तू लढत सोडली नाहीस. घण घालता घालता बोलायचास, हा गुलशेरचा, हा अँथनीचा. बायका म्हणायच्या, ह्यांना ऊन लागलंय. पण तू दुष्टही तिथंच झालास. एक म्हातारा आपल्या शेजारी खडी फोडायचा. त्याचा हात चालत नव्हता, म्हणून तो तुझ्या-माझ्या ढिगातले चार दगड स्वतःच्या ढिगात टाकायचा. तुला ते दिसलं. मी म्हणालो, जाऊ दे. तू त्याच्यासमोर जाऊन बसलास, त्याच्या ढिगातून तुझे दगड वेगळे काढलेस, आणि मग त्याचे स्वतःचेही थोडे उचलून आणलेस. म्हातारा बघत राहिला. मी तुला विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, "पुन्हा हात घालणार न्हाय." आणि त्यानं पुन्हा हात घातला नाही, हे खरं. थोड्या दिवसांनी तो कामावर यायचाच बंद झाला.

त्याच कामावर एक दिवस दगडाची कपची उडून माझ्या डाव्या डोळ्यात घुसली. कौसल्या त्या दिवशी पाण्याच्या रांगेत होती. तुझ्या सोजरनं मला खाली निजवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं, लुगड्याच्या पदराचं टोक पिळून त्यानं कपची काढली. तिची धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. तिनं दुधाचे थेंब माझ्या डोळ्यात सोडले. मुकादम ओरडत होता, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. डोळा वाचला. पण तो कच्चा राहिला; वारा लागला की पाणी यायचं, आणि संध्याकाळी त्यातून धुरकट दिसायचं. हे आपल्या दोन्ही घरांतल्या चौघांनाच माहीत होतं.

मग पाऊस झाला, तलाव भरला, आणि त्याचं पाणी ज्यांच्या रानाला गेलं त्यांनी ऊस लावला. ऊस वाढला तसा सहकारी कारखाना आला. आपल्याकडं ना रान ना ऊस, पण कारखान्याला माणसं लागणार होती. वॉचमनची जागा निघाली. मिल्ट्रीतला माणूस पाहिजे म्हणाले. तू अर्ज केलास, मीही केला. एकमेकांना सांगूनच केला. तुझ्या दोन पोरी लग्नाला येत होत्या. माझ्या कौसल्येला दम्यानं धरलं होतं. जागा एक होती, आणि आपण एकाच बाकावर बसून ठरवलं होतं की ज्याला मिळेल त्यानं दुसऱ्याला चहा पाजायचा.

चेअरमननं आपल्याला बोलावलं. तो खुर्चीत रेलून बसला होता, भोवती चार-पाच माणसं. त्यानं आपले दोन्ही अर्ज समोर ठेवले होते. म्हणाला, "तुमचं मी ऐकलंय. रविवारी हॉटेलात बसून बॉक्सिंगच्या कुस्त्या लावताव म्हणं."

तू म्हणालास, "व्हय साहेब."

"कोण जिततंय मग?"

"ते ठरत न्हाय साहेब."

तो हसला. "मेलेल्यांचं कसं ठरंल? जित्यांचं ठरवू. बॉयलर पेटवायच्या दिवशी कुस्त्या ठेवल्यात. लोकांनी कुस्त्या लई बघितल्या, बॉक्सिंग न्हाय बघितलं. तुमी दोघं लढा. जो जितंल त्याला गेटवर उभा करतो."

भोवतीची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, साहेबांनी न्याय केला. मला वाटलं तू नाही म्हणशील. तुझ्या तोंडात नेहमी उलटं उत्तर तयार असायचं. मी तुझ्याकडं बघितलं आणि तू माझ्याकडं बघितलं नाहीस. तू त्याला विचारलंस, "हातमोजे कुठनं आणायचे?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "किसन, आपण दोघं बी न्हाय म्हणू."

"मग तिसराच कुणीतरी उभा राहील गेटवर."

"राहू दे."

तू थांबलास. म्हणालास, "तुझं 'राहू दे' चालतंय भिवा. माझं न्हाय चालत." आणि गेलास.

त्यानंतरच्या रविवारी तू हॉटेलात आला नाहीस.

लढतीच्या दिवशी बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रका भरून माणसं आली होती. पूजा झाली, बॉयलर पेटला, भाषणं झाली. कुस्त्यांच्या आखाड्याभोवती गाड्यांचे दोर बांधले आणि त्याला रिंगण म्हटलं. सोलापूरहून कुणीतरी मोज्यांच्या दोन जुन्या जोड्या आणल्या होत्या. त्यांच्यातला कापूस एकीकडं गोळा झाला होता आणि अंगठे मोकळे लोंबत होते. शाळेचे ड्रिलमास्तर पंच झाले. त्यांनी बॉक्सिंग कधी पाहिलं नव्हतं. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला होता. आपण चाळिशी ओलांडलेली दोन माणसं, सुटलेली पोटं, सदरे काढून मातीत उभे राहिलो. लोकांना आपली पोटं बघूनच हसू आलं.

हे तुला मी कधी सांगितलं नाही, आज सांगतो. पहिला राऊंड चालू असताना मला मजा वाटली. खरंच वाटली. डावा हात बाहेर निघाला आणि जाऊन तुझ्या कपाळावर बसला, आणि परत निघाला आणि परत बसला. इतक्या वर्षांत त्याला कुणी काम दिलं नव्हतं आणि तो सगळं विसरला नव्हता. तुला आत येता येईना. तू धापा टाकत होतास. लोक हसायचे थांबले. दुसरा राऊंड संपला तेव्हा कौसल्या गर्दीत पुढं आली होती आणि तिचा चेहरा मला दिसला. नोकरी मिळाल्यासारखी ती उभी होती.

तिसऱ्या राऊंडला तू मिठी मारलीस. डोकं माझ्या खांद्यावर ठेवलंस, तुझा उजवा हात माझ्या गालावरून वर सरकला, आणि अंगठा तू माझ्या डाव्या डोळ्यात घातलास. लागला नाही. घातलास. तो आत वळवलास. ड्रिलमास्तर तुझ्या पाठीमागं होते.

मी तुझ्या कानात म्हणालो, "किसन, दिसंना."

तू मला ऐकलंस. तुझा श्वास क्षणभर थांबला, तो मला छातीला जाणवला. मग तू एक पाऊल मागं झालास आणि ज्या बाजूनं मला दिसत नव्हतं त्या बाजूनं मारलंस. पुन्हा मारलंस. मी गुडघ्यावर आलो तेव्हा लोक उभे राहून ओरडत होते. चेअरमननं तुझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला.

बार्शीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळा आधीच कच्चा होता, आता गेला. दोन दिवसांनी तू दवाखान्यात डबा घेऊन आलास. सोजरनं दिला होता. पिठलं आणि भाकरी. तू खाटेजवळच्या स्टुलावर बसलास. खाली फरशीकडं बघत राहिलास. मी वाट बघत होतो. तू डोळ्याबद्दल काही बोललास तर मी काय बोलायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. शेवटी तू म्हणालास, "अँथनीचा डावा चांगला हाय. पण गुलशेरला मिठी मारू दिली की संपलं."

त्याच्याइतकं निर्दय वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. आणि किसन, मी त्याला उत्तर दिलं. पट्टी बांधलेल्या तोंडानं मी म्हणालो, "पंचानं मिठी सोडवायला पायजे." तू म्हणालास, "पंच कसला असंल त्याच्यावर हाय." आणि डबा उघडून माझ्यासमोर ठेवलास.

त्यानंतर आपण तसेच बोललो, सगळी वर्षं. रविवारी तू गेटवरचा खाकी शर्ट घालून हॉटेलात यायचास. मी तोवर गावच्या दूध सोसायटीत दूध मापायला लागलो होतो; दूध मापायला एक डोळा पुरतो. लोकांसमोर तू मला काण्या म्हणायचास. हटकून माझ्या डाव्या बाजूला बसायचास आणि माझ्या बशीतली भजी उचलायचास, मला दिसत नाही म्हणून. लोक हसायचे. मी तुझ्या चहात मीठ टाकून बघितलं एकदा. तू तो सगळा प्यालास आणि काही बोलला नाहीस. मी विषय काढायचो तो गुलशेरच्या नावानं. म्हणायचो, "गुलशेर अंगठा घालायचा म्हणून जिंकायचा." तू म्हणायचास, "पंचानं बघितलं न्हाय ते झालं न्हाय." मी म्हणायचो, "त्याला झोप येत असंल का रात्री?" तू म्हणायचास, "त्याच्या घरी ज्वारीचं पोतं असंल तर यील."

कौसल्या मला विचारायची, त्या माणसाच्या तोंडाकडं तुम्ही बघता कसे? ती गेली तेव्हा तू मातीला आला होतास. तिच्या माहेरच्या माणसांनी तुला लांब उभं केलं. तू लांब उभा राहिलास आणि शेवटपर्यंत राहिलास. मी तिला कधी नीट सांगू शकलो नाही. दुसऱ्या माणसाशी मी पावसापाण्याचं बोलू शकत होतो, सोसायटीच्या निवडणुकीचं बोलू शकत होतो. पण मी आयुष्यात एकदा काहीतरी चांगलं करायला शिकलो होतो, माझा डावा हात खरंच चांगला होता, आणि ते ज्यानं पाहिलं होतं असा माणूस तूच होतास. बाकी सगळ्यांनी मला गुडघ्यावर आलेलं पाहिलं होतं.

मग तुझं डोकं बिघडायला लागलं. आधी तू अँथनीचं नाव विसरलास. मला वाटलं चेष्टा करतोस. मग तुझा हात कपापाशी जाईपर्यंत थरथरायला लागला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी डोक्यावर फार मार खाल्लेला दिसतो. एका सकाळी तू गेटवर चेअरमनची जीप अडवलीस आणि त्याला विचारलंस, तुम्ही कोण. ती गोष्ट तो सगळीकडं हसून सांगायचा. त्याच आठवड्यात त्यानं तुला घरी बसवलं. सोजर तुला घेऊन तिच्या माहेरी, तेरखेड्याला गेली आणि फटाक्यांच्या कामावर कागदाच्या नळ्या वळायला लागली.

मी दर रविवारी यायला लागलो. माया म्हणून यायचो असं कुणी समजू नये. मला तुझी ती गत बघायची होती. तू उंबऱ्यात बसलेला असायचास, लाळ गळायची. त्या गावात दिवसभर कुठं ना कुठं फटाका वाजवून बघतात. आवाज झाला की तू उठून उभा राहायचास, दोन्ही मुठी वर, हनुवटी खाली, डावा पाय पुढं. अगदी उस्तादांनी शिकवलं तसं. पोरांना हे कळलं होतं. ती मुद्दाम तुझ्या पाठीमागं लवंगी लावायची, तू उभा राहिलास की हसायची, पुन्हा लावायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्यांना हाकललं नाही. दाराला टेकून मी बघत राहिलो आणि मनात म्हणालो, लावा अजून. तू उभा होतास, समोर कुणी नव्हतं, आणि तुझे डोळे शोधत होते की मारणारा कुठल्या बाजूला आहे. मग माझ्यानं बघवेना. मी येऊन तुझे हात खाली केले. ते खाली करायलाही जोर लागला.

गेल्या महिन्यातला तो रविवार. तू बाजेवर पडला होतास. मला ओळखत नव्हतास, पण माणूस ओळखीचं आहे एवढं तुला वाटत असावं. तू माझ्याकडं निरखून बघितलंस आणि विचारलंस, "तुझ्या डोळ्याला काय झालं रं?"

सोजर चुलीपाशी होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघितली होती, किसन. काय बोलायचं हे मी दवाखान्यातल्या खाटेवरच ठरवलं होतं, आणि नंतर दूध मापताना ते कितीदा घोळवलं होतं. तो प्रश्न आला तेव्हा ज्यानं तो विचारायचा होता तो माणूसच घरात नव्हता. मी म्हणालो, "अंगठा लागला."

"कुणाचा?"

"गुलशेरचा."

तू कोपरावर उठायचा प्रयत्न केलास. अँथनी तुला आठवत नव्हता, पलटण आठवत नव्हती, पोरींची नावं आठवत नव्हती, पण हे नाव आठवलं. "तू गुलशेरसंगं लढलास?"

"लढलो."

"हरलास?"

"हरलो."

तू तुझा थरथरता हात वर केलास आणि माझ्या डाव्या भुवईवर ठेवलास. म्हणालास, "कुणी बी हरलं असतं. त्यो सोडीत न्हाय." आणि मग, "लई मोठा गडी हायस तू."

मी बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. तुझ्याकडून एवढंच मिळायचं होतं, आणि तेही तू दुसऱ्याच कुणाला तरी दिलंस.

आता परवाचं सांगतो. जलदानाचे लोक जेवून गेले. तुझ्या पोरी सासरच्या माणसांबरोबर गेल्या. मी चप्पल शोधत होतो. सोजर म्हणाली, "भावजी, बसा जरा." मी बसलो. तिनं पदर सारखा केला आणि माझ्या समोर, जरा लांब, जमिनीवर बसली.

"त्या दिवशी तुमी ह्यांना म्हणलाव, गुलशेरचा अंगठा लागला."

"व्हय वहिनी."

"गुलशेर कोण ते मला ठावं न्हाय. अंगठा कुणाचा ते ठावं हाय."

मी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"म्या सांगितलं व्हतं ह्यांना. लढायच्या आदल्या दिवशी. भाकर वाढताना सांगितलं. म्हणलं, तुमच्यानं भावजी आवरायचे न्हाईत. त्यांचा डावा डोळा कच्चा हाय, तिथं बघा."

मला पहिल्यांदा तिचे शब्द कळलेच नाहीत. मला तिची मांडी आठवली, पदराचं टोक आठवलं, डोळ्यात पडलेलं कोमट दूध आठवलं. मी विचारलं, "किसन काय म्हणला?"

"काय न्हाय. भाकर टाकून उठले. मागनं आले आन् म्हणले, हे पुन्हा तोंडातनं काढू नगंस. भिवाला मरंपतुर कळता कामा न्हाय."

"मग आज का सांगताव?"

"ते गेले. आता कुणाची भीती? तुमी यायचाव आन् ह्यांच्याकडं बघत बसायचाव. तुमच्या बघण्यातलं मला दिसत व्हतं. बोलायची माझी छाती झाली न्हाय."

"माफी मागताव का वहिनी?"

तिनं मान हलवली. "न्हाय. त्या नोकरीवर दोन पोरी उजवल्या. आज बी तेच सांगितलं असतं."

चुलीवर काहीतरी उतू गेलं, म्हणून ती उठली. मी तसाच बसलो होतो. उन्हं अंगणात आली होती.

किसन, तुझा अपराध यानं कमी होत नाही. सांगितलं तिनं, पण अंगठा तुझा होता, आणि 'दिसंना' म्हणाल्यावर जो ठोसा मारलास तो तुला कुणी सांगितला नव्हता. पण तेवढ्यावर भागत नाही. मी इतकी वर्षं हॉटेलात बसून तुला गुलशेरच्या नावानं सोलत होतो, आणि तू एक शब्द बोलून अर्धं ओझं तिच्यावर ढकलू शकला असतास. तू ते केलं नाहीस. मिठाचा चहा प्यालास. कौसल्येच्या मातीला लांब उभा राहिलास. डोकं गेलं, सगळं विसरलास, तरी ते तुझ्या तोंडून निघालं नाही. तुला मी ओळखून होतो असं मला वाटायचं. त्या एवढ्या जागेपुरता मी तुला ओळखत नव्हतो, आणि आता ओळख झाली तर तुझ्याशी भांडायला तू नाहीस.

तू हेही ओळखून होतास की हे कळलं तर मी सोजरला माफ करणार नाही. तुझं बरोबर होतं. मी तिला माफ केलेलं नाही. चप्पल घालून मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता तुमी यायचा न्हाव." मी एसटी धरली.

पण पुढच्या रविवारी मी तेरखेड्याला जाणार आहे. तिला काही द्यायला नाही, आणि तिच्याकडून काही मागायलाही नाही. जाऊन बसेन. ती नळ्या वळत राहील. तुझा विषय निघाला तर निघेल. मी काय आहे, मला काय केलं आणि ते का केलं, हे सगळं ठाऊक असलेलं आता ते एकच माणूस उरलं आहे.